कुइक्का तळ्यातला मातिक्का

कोर्पिवारा, ४ सप्टेंबर १९८८

सुलो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच फेकलं नाहीस, असं धरून चालते.

इतकी वर्षं आपण एकमेकांना नाताळचं कार्ड पाठवतो आणि दोघंही त्यात 'सगळे मजेत' एवढंच लिहितो. पत्र आज पहिल्यांदाच. तुझ्या भावाला हे माहीत नाही आणि कळताही कामा नये. उत्तर द्यायचं असलं तर रायलीच्या दुकानाच्या पत्त्यावर दे. ती पाकीट गल्ल्याखाली ठेवून देईल, आणि फोडून वाचणार नाही असं तिने कबूल केलंय. फोन मात्र करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि तावी हल्ली दिवसभर तिथेच खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला असतो.

का बसतो म्हणशील, तर काही नाही, वय झालं. साखरेमुळे डोळे अधू झालेत. पेपर मी वाचून दाखवते, आधी कोण कोण गेलं ते आणि मग हवामान. बाकी तब्येत ठणठणीत आहे. कालच माझ्याशी भांडला, मी लाकडं चुकीची रचली म्हणून.

नमनालाच घडाभर तेल नको. यंदा तळ्यावर पहिला बर्फ धरला की तू ये. तावीला कुइक्का तळ्यावर जायचंय आणि ते एकट्याचं काम नाही, तुला ठाऊक आहे. तुम्ही दोघं जायचात तेव्हा मी नवी नवरी होते, काठावर उभी राहून बघायचे. काचेसारखा नवा बर्फ, खाली हातभर पाणी, आणि दगडाशेजारी पोटावर पसरलेला मातिक्का, हनुवटीवरची एकुलती मिशी हलवत. तावी त्याच्या डोक्यावरच्या बर्फावर सोट्याचा एकच दणका द्यायचा, मासा घेरी येऊन उताणा व्हायचा, आणि तू कुऱ्हाडीने भोक पाडून काखेपर्यंत हात आत घालायचास. आणि तुमच्या वडिलांचा तो नियम! बर्फावर तोंड उघडायचं नाही, मासा ऐकतो. ज्याला दिसला त्याने हात वर करायचा. मला तुम्ही कधी नेलं नाहीत, कारण मी हात वर करायच्या आधी ओरडले असते. खरंच ओरडले असते.

तळ्यात आता मातिक्का उरलाय कुठे, असं तू म्हणणार. ते आल्यावर बोलू. रानातल्या लाल बेरी यंदा भरपूर आहेत, आलास तर मुरंबा देईन.

तुझी वहिनी,
आउने

कोर्पिवारा, २ ऑक्टोबर १९८८

सुलो,

तुझं कार्ड मिळालं. पुढे ट्रामचं चित्र आणि मागे तीन वाक्यं. 'वहिनी, पत्र पोचलं. मेलेल्या तळ्यावर मला काही काम नाही. तावीला नमस्कार सांगू नकोस.' शेवटचं वाक्य वाचून मी रायलीच्या दुकानातच हसले, कारण सांगायचा सवालच नव्हता. तुमच्या घराण्यातल्या पुरुषांना देवाने जीभ दिली ती बहुतेक तिकिटाचा डिंक चाटायला.

मग घरी येताना वाटेत रडू आलं. तेही सांगून टाकते.

तू ज्या दिवशी गेलास तो दिवस मी विसरलेले नाही. मासेमारी मंडळाने ठराव केला होता की तळ्यातले भुरटे मासे मारून टाकायचे आणि मग सीका माशाची पिल्लं सोडायची. सगळ्यांनी हात वर केले होते, रायलीच्या सासऱ्याने, चर्चच्या घंटावाल्याने, सगळ्यांनी. एकटा तू उठून म्हणालास की तळं म्हणजे हंडा नव्हे घासून पुन्हा भरायला. लोक हसले. तावी अध्यक्ष होता. तो हसला नाही, पण त्याने तुझी बाजूही घेतली नाही. मग कुठल्या तरी लांबच्या देशातल्या मुळांची ती विषारी पूड पोत्यांतून आली आणि होडी वल्हवत तावीनेच ती पाण्यात सोडली. संध्याकाळपर्यंत सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं.

मातिक्के मात्र वर आले नाहीत, ते तळाशीच मेले. तू चिखलात शिरून आकड्याने एकेक काढलास, पोतं भरलंस आणि आणून आमच्या पायरीवर ओतलंस. "दादा, घे. मोजून घे, अध्यक्ष आहेस ना," एवढं बोललास. दुसऱ्या दिवशी स्वीडनला. पायरी मी धुतली. तावी आत बसून होता. बाहेर आला नाही आणि तुला थांबवायला स्टेशनवरही गेला नाही. मी जा म्हणाले होते. जा म्हणाले, ढकललंही. तो म्हणाला, "काय बोलू?" आता काय बोलायचं हे एवढ्या मोठ्या बाप्याला मी शिकवायचं का?

तू गेल्यावर दोन-तीन वर्षं सीका भरपूर मिळाला. जाळी फाटायची. लोक तावीच्या पाठीवर थाप मारायचे. मग सीका रोडावला, काटेरी मासे कुठून तरी परत आले, आणि मंडळाचा तळ्यातला रस संपला.

पुढचं कुणालाच माहीत नाही, रायलीलाही नाही. तुझा भाऊ दर फेब्रुवारीत मोठ्या सरोवरावर जातो, लोक मातिक्का धरायला जातात तेव्हाच, म्हणजे कुणाला शंका नको. धरलेले दोन-चार चांगले जिवंत मासे तो दुधाच्या कॅनमध्ये पाण्यात ठेवतो, कॅन घोंगडीत गुंडाळून घसरगाडीवर बांधतो आणि जंगलातून ओढत कुइक्का तळ्यावर नेतो. भोक पाडतो आणि सोडून देतो. मी एकदा मागोमाग गेले म्हणून मला कळलं. मला वाटलं होतं बाईबिई आहे की काय! झाडाआडून बघते तर हा गुडघ्यावर बसलेला, मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात हळूहळू पुढे-मागे हलवत होता, त्याला श्वास यावा म्हणून. लहान मुलाला आंघोळ घालावी तसा. मी परत फिरले आणि त्याला कधी बोलले नाही.

अध्यक्षाने मारलं आणि अध्यक्षच कॅनने भरतोय, हे गावाला कळलं असतं तर त्याला दुकानात पाय ठेवता आला नसता. म्हणून चोरून. हे मी तुला सांगितलं हे त्याला कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही. तसाही कुठे बोलतो म्हणा.

आता म्हण, मेलेलं तळं.

आउने

कोर्पिवारा, ३० ऑक्टोबर १९८८

सुलो,

यावेळी चक्क दोन पानं! गुनवोरला सांग, तिच्या नवऱ्याला लिहिता येतं हे तिच्यामुळेच कळलं. तिने टेबलाशी बसवलं असणार, मला अंदाज आहे.

तू विचारलंस, सोडलेल्यातला एखादा तरी नंतर कुणाला दिसला का. नाही. पहिला बर्फ आला की तावी एकटा तळ्याच्या काठाकाठाने फिरून यायचा. आल्यावर मी त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि समजायचे. तेव्हा नुकताच सोडायला लागला होता, मासे विखुरले असतील, मेलेही असतील. आणि गेली चार-पाच वर्षं तर त्याला बर्फाखालचा दगड आणि मासा यातला फरकच दिसत नाही. सोडायचं मात्र चालूच. गळ टाकून बघ की, असं मी आडून सुचवलं होतं. तर म्हणे त्या तळ्यातला मासा आता मी पाण्याबाहेर काढणार नाही.

मग मी म्हटलं, रायलीच्या नवऱ्याला ने बरोबर, त्याचे डोळे घारीसारखे आहेत. त्यावर म्हणाला, "सुलोने पाहिला तरच तो आहे." एवढंच. इतक्या वर्षांत तुझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणून तर मी कागद-पेन घेऊन बसले.

आता एक कबूल करते. 'तब्येत ठणठणीत' हे मी खोटं लिहिलं. डोळे हे कारण आहे, पण मोठं कारण छातीत आहे. उन्हाळ्यात दोनदा पडला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हिवाळा पार पडला तर नशीब समजा. त्याला त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही, पण तो काही खुळा नाही. सौनात आता सगळ्यात खालच्या, कमी वाफेच्या बाकावर बसतो आणि म्हणतो, वरचा बाक डुगडुगतो. आधी लिहिलं असतं तर तू दयेपोटी आला असतास आणि त्याने ते ओळखून दार लावून घेतलं असतं.

तर तू येशील तेव्हा तोंडावर दुखवट्याची कळा आणू नकोस. वहिनीचा मुरंबा न्यायला आलो, असं सांग. काहीही सांग. बर्फ धरला की मी दुकानातून फोन करीन, तू त्याच दिवशी जहाज पकड. नवा बर्फ स्वच्छ राहतो तो फार तर थोडे दिवस, एकदा वर हिम पडलं की तळं आंधळं. मग पुढच्या वर्षीच, आणि पुढचं वर्ष आपल्याला आहे की नाही हे मी वर लिहिलंच आहे.

तू 'येतो' लिहिलेलं नाहीस. 'बघू' लिहिलंयस. मी 'येतो' असंच वाचलं.

आउने

कोर्पिवारा, २० नोव्हेंबर १९८८

सुलो,

सुखरूप पोचलास हे गुनवोरच्या निरोपावरून कळलं. तुझी लोकरी टोपी राहिली. तावीने ती खुंटीवर लावून ठेवलीये आणि काढू देत नाही.

तू आलास, त्याबद्दल आधी आभार. मला वाटलं होतं तुम्ही दोघं दारातच एकमेकांचे गळे धराल किंवा गळ्यात पडाल. यातलं काहीच झालं नाही. दोन तास बसच्या वेळापत्रकावर बोललात. मग बटाट्यांवर. मी वेलचीचा पाव कापून कापून संपवला. सौनाला गेलात तेव्हा मी मुद्दाम लाकडं आणायच्या निमित्ताने भिंतीशी उभी राहिले. एक तासात मला फक्त दगडांवर पाणी टाकल्याचा आवाज आला, आणि एकदा तावी म्हणाला, "गरम आहे का?" तू म्हणालास, "आहे." धन्य आहे तुमची. तरी मला बरं वाटलं. एकमेकांच्या पाठी घासल्यात ना? तावीची पाठ लाल होती.

सकाळी तुम्ही निघालात तेव्हाचं मी इथे लिहून ठेवते, कारण मला ते कुणाला तरी सांगायचंय आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? सोटा घेऊ नकोस, जड आहे, असं मी म्हटलं. मारणार तर नव्हताच तो. पण सोट्याशिवाय तो बर्फावर जाईना. तू पुढे पहारीने बर्फ ठोकत, तो मागे, आणि तुझ्या कमरेची दोरी त्याच्या कमरेला. वडील होते तेव्हा असंच ना? वारा नव्हता. बर्फ इतका काळा आणि स्वच्छ होता की तुम्ही पाण्यावर चालताय असं काठावरून दिसत होतं. उत्तरेच्या खडकाळ कोपऱ्यात तू पोटावर आडवा झालास, दोन्ही हातांनी डोळ्यांवर आडोसा केलास. तावी दोरीच्या टोकाशी उभा. त्याला मासा दिसणार नव्हता, पण तुझा हात तर दिसला असता. तो फक्त तुझ्याकडे बघत होता. मी आमच्या लग्नातसुद्धा त्याला असं एकटक बघताना पाहिलेलं नाही.

तू उठलास, पुढे गेलास, पुन्हा आडवा झालास. मग पुन्हा. तळ्याच्या बाकीच्या तिन्ही बाजू झाल्या आणि हात काही वर गेला नाही.

खरं सांगते, एकदा मनात आलं, याने उगाच तरी हात वर करावा. तावीला काय कळणार होतं? पण मग वाटलं, नाही, तू केलंस तेच बरोबर. तावीला भीक नको होती. खोटा हात वर केला असतास तर तो मला आयुष्यभर टोचला असता. तू सरळ माणूस आहेस, पहिल्यापासून होतास, आणि त्याच सरळपणापायी हे सगळं झालं. काठावर आल्यावर तावी एवढंच म्हणाला, "नाही तर नाही." आणि तू म्हणालास, "नाही." मग आपण कॉफी प्यालो.

तू गेल्यावर संध्याकाळी मला विचारत होता, "त्याच्याकडे चष्मा होता ना ग?" मी म्हटलं, होता. "नीट दिसतं ना त्याला?" म्हटलं, दिसतं, त्याने दुकानावरची पाटी रस्त्यापलीकडून वाचली. मग मान हलवली. दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन दुधाचे कॅन धुतले, पुसले आणि पालथे घालून ठेवले. फेब्रुवारीत जाणार नाही म्हणाला. मी म्हटलं, अरे, एका बर्फात नाही दिसला म्हणून काय झालं? तर म्हणे, "आउने, जे मेलं ते मेलं. सुलो तेव्हाच म्हणाला होता."

पण तुझ्यावर राग नाही त्याचा. उलट खुंटीवरच्या टोपीकडे बघतो. उन्हाळ्यात गुनवोरला घेऊन ये. तेव्हा मासे नकोत, काही नको, नुसता ये.

तुझी वहिनी,
आउने

कोर्पिवारा, २२ जानेवारी १९८९

सुलो,

तार तुला मिळालीच होती. तावी गेल्या सोमवारी सकाळी गेला. बुटाची नाडी बांधायला वाकला होता. मी दूध गरम करत होते. मला वाटलं नाडी तुटली म्हणून थांबलाय. वळून बघितलं तर तसाच वाकलेला.

तू पुरायला आला नाहीस. गुनवोर फोनवर म्हणाली तू तापाने पडलास. असेल. तुमचं फुलांचं चक्र आलं, सुंदर होतं, त्यावरच्या फितीवर फक्त 'सुलो' लिहिलेलं होतं. रायली म्हणाली, भावाने दोन शब्द लिहायला काय जात होतं? मी म्हटलं, अगं, त्यांच्यात एवढेच शब्द असतात.

जमीन इतकी गोठलेली की खड्डा करायला दोन दिवस आधी वर शेगडी पेटवून ठेवावी लागली. मंडळाचे सगळे आले होते. घंटावाल्याच्या मुलाने भाषण केलं, तावीने गावाला सीका दिला म्हणून. मी खाली बघत होते. मला ओरडावंसं वाटत होतं की त्याने गावाला दिलेली आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीतच नाही. पण कशाच्या जोरावर ओरडणार? तळ्यात काहीच नव्हतं.

गोठ्यातले कॅन मी तसेच पालथे ठेवलेत. बरा झालास की लिही.

आउने

कोर्पिवारा, ५ मार्च १९८९

सुलो,

काल तू फोन केलास आणि मी मध्येच ठेवून दिला. लाइन तुटली नव्हती. मीच ठेवला. नंतर तीनदा वाजला, तो तूच असणार. मी खिडकीशी, त्याच्या खुर्चीत बसून होते आणि उठले नाही. फोनवर माझ्या तोंडून जे निघालं असतं ते परत घेता आलं नसतं, म्हणून लिहिते. कागद फाडता तरी येतो. हा तिसरा आहे.

तू म्हणालास, "वहिनी, तो होता. उत्तरेच्या कोपऱ्यात, चपट्या दगडापाशी. माझ्या अगदी तोंडाखाली. मोठा होता. मला त्याचा डोळा दिसला."

मी विचारलं, मग हात का वर केला नाहीस?

तेव्हा तू जे सांगितलंस ते मी रात्रभर मनात घोळवलंय, एकही शब्द इकडचा तिकडे झालेला नसेल. "मी मान वळवून दादाकडे बघितलं. तो सोटा छातीशी धरून उभा होता, तोंड उघडं टाकून, शाळेतल्या पोरासारखा. माझ्या हाताची वाट बघत. आणि मला वाटलं, बघू दे. मी एकोणीस वर्षं वाट बघितली, तो स्टेशनवर येईल म्हणून. त्याने एक वर्ष बघावी. पुढच्या बर्फाला हात वर करीन."

पुढच्या बर्फाला! सुलो, मी तुला लिहिलं होतं. स्पष्ट लिहिलं होतं की पुढचं वर्ष आपल्याला आहे की नाही माहीत नाही. वाचलं नव्हतंस, की वाचूनही तुला वाटलं की वहिनी नेहमीसारखी वाढवून सांगतेय? मग तू खालीच बघत राहिलास, आणि मासा शेपूट हलवून गेला, आणि तू उठून पुढच्या जागी आडवा झालास. बघत असल्याचं नाटक करत. आणि मी काठावर उभी राहून मनात म्हणत होते, किती मन लावून शोधतोय माझा दीर.

मी तुला पत्रात सरळ माणूस म्हटलं. ते शब्द मला आता खाऊन टाकतायत. तू तेव्हा तरी कळवायचंस. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, नाताळचं कार्ड आलं. त्यात काय लिहिलंस? 'सगळे मजेत.' त्याच जागी एक ओळ लिहिली असतीस की मासा आहे, तर मी त्याला वाचून दाखवली असती. पेपर वाचायचे तशी, पहिल्यांदा तीच ओळ, कोण गेलं त्याच्याही आधी. त्याने कॅन सुलटे केले असते. बूट घालून तळ्याकडे निघाला असता आणि वाटेत पडला असता, तरी चाललं असतं मला.

तू विचारत होतास, दादाला शेवटी काही कळलं का, काही अंदाज आला का. सोपं उत्तर देऊन तुला झोपू देता आलं असतं. मी विचारही केला तसा. नाही, सुलो. त्याला काही कळलं नाही. तो तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून गेला.

तुला शिव्या द्यायच्या म्हणून मी दोन कागद लिहिले आणि दोन्ही फाडले, कारण लिहिता लिहिता दिसत होतं की तुम्ही दोघं एकाच मातीचे. त्याला एक वाक्य बोलता आलं नाही म्हणून तो दुधाचे कॅन ओढत राहिला. तुला एक हात उचलता आला नाही म्हणून तू आता तापाने पडतोस. आणि मध्ये मी, दोघांना ढकलत. माझी ढकलाढकल कुणाच्याच कामी आली नाही. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही आपली तिघांची गत.

आज सकाळी मी बर्फावरून घसरगाडी घेऊन एकटी कुइक्का तळ्यावर गेले. वर गुडघाभर हिम आहे, खाली काही दिसत नाही. चपट्या दगडापाशी उभी राहिले. सोबत काही नेलं नव्हतं, गळही नाही. इथे मासे आहेत, या पायाखाली, आणि याच दिवसांत अंडी घालतात, एवढं मनात म्हटलं आणि इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. ज्याला बरं वाटायचं तो कुठेय?

परत येताना चर्चच्या आवारात गेले. मी रोज जाते. मेणबत्ती बदलते आणि त्याला सगळं सांगते. रायलीच्या गाईला वासरू झालं ते सांगितलं. छपरावरचं हिम कोण पाडून देतं ते सांगितलं. घंटावाल्याच्या मुलाच्या भाषणाची नक्कल करून दाखवली. आज हे जिभेच्या टोकावर आलं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मग गिळलं.

ते मी सांगणार नाही. मी सांगायची गोष्टच नाही ती.

तू ये. बर्फाची वाट बघू नकोस आणि उन्हाळ्याचीही नको, गुनवोरला जमत नसलं तरी एकटा ये. बस अजून चर्चपाशीच थांबते. उतरलास की आधी घरी येऊ नकोस, भिंतीलगत उजवीकडून चौथा दगड त्याचा. तिथे उभा राहा आणि त्याला मोठ्याने सांग, तळ्यात मासा आहे म्हणून. मोठ्याने. तोवर मी कॉफीचं आधण ठेवणार नाही.

आउने